वळणाआधीचा आवंढा

भूषण खैरनार हा भित्रा माणूस होता आणि त्याच्या भित्रेपणावर त्या घराचं बरं चाललं होतं. गंमत अशी, की हे त्या घरातल्या दोघांनाही ठाऊक नव्हतं. दोघंही समजत होती की घर शर्वरीच्या धाडसावर चालतं.

शर्वरी, म्हणजे त्याची बायको, रॅलीत गाडी चालवायची आणि भूषण तिच्या डावीकडे बसून वाचायचा. रॅलीत गाड्या गोल मैदानात एकमेकींच्या मागे धावत नाहीत. घाटातला नाहीतर रानातला रस्ता बंद करून एकेक गाडी सोडतात, आणि पुढचं वळण दिसायच्या आत ते कसं आहे हे शेजारच्याने सांगायचं असतं. आधी दोघांनी त्या रस्त्याने सावकाश जाऊन टिपणं काढलेली असतात. बाकीचे ती इंग्रजीत वाचत. ही दोघं नाशिकची, त्यातही हट्टी, म्हणून मराठीत: "डावं चार, लांब. मग उजवं दोन, कापू नको." एक म्हणजे जवळजवळ मागे वळायचं, सहा म्हणजे ॲक्सिलरेटरवरून पाय उचलायचाच नाही, आणि कापू नको म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला शिरायचं नाही. आदल्या रात्री कितीही भांडण झालेलं असो, रस्त्यावर भूषणचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा सरळ चालायचा. या आवाजाचा त्याला फार अभिमान होता. शर्यतीआधी गाडीच्या मागे जाऊन तो ओकायचा, चूळ भरायचा, पट्टे आवळायचा, आणि मग त्या भीतीतला एक कणही आवाजात उतरू द्यायचा नाही. निदान त्याची तशी समजूत होती.

मग एका हंगामात, दूरच्या कुठल्या तरी राज्यात, दोन नॅव्हिगेटर, म्हणजे भूषणसारखे शेजारी बसून वाचणारे, लागोपाठ दगावले. रॅलीच्या संघटनेने विचार केला, की गाडी दरीत गेली तर दोन माणसं जातात, पण चालवायला एकच लागतं. दुसऱ्याने नुसतं बोलायचंच आहे, तर ते कुठूनही बोलता येईल. हिशेब बिनतोड होता. डावीकडची सीट रिकामी झाली आणि भूषण रॅलीच्या तळावरच्या एका कंटेनरमध्ये गेला. तिथे एक खुर्ची होती, जी गाडीबरोबर हलायची, डुलायची, आपटायची. भोवती पडदे होते. ड्रोनने मोजलेला सगळा रस्ता त्यावर उभा राहायचा, आणि मधोमध शर्वरीच्या गाडीतून येणारं चित्र. खड्डा आला की खुर्चीलाही बसायचा. फक्त दरी नव्हती.

भूषणला हे मानवलं. ओकणं बंद झालं, कंबर सुधारली, वजन वाढलं. खुर्चीला चहाचा थर्मास अडकवायची सोय त्याने स्वतः करून घेतली. पहिल्या रॅलीत शर्वरी आधीपेक्षा जोरात गेली आणि सगळ्यांना वाटलं की गाडीतलं एका माणसाचं ओझं कमी झाल्याचा हा फायदा. दुसऱ्या रॅलीत ती दिंडोरीजवळ एका उजव्या वळणावर सरळच गेली आणि कुणाच्या तरी द्राक्षबागेत शिरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. गाडीचे मालक नाना पगार स्वतः द्राक्षं परदेशी पाठवणारे. ते दवाखान्यात तिच्या उशाशी बसून म्हणाले, "माझी बाग पुढे थोड्याच अंतरावर होती. तिथवर तरी धीर धरायचा."

शर्वरी हसली नाही. ती भूषणकडे बघत होती.

"तू काय वाचलंस?"

"उजवं दोन. कापू नको."

"हो. तेच ऐकलं मी," ती म्हणाली. "पण मला वाटलं, सोपं आहे."

या एका वाक्याचा उलगडा करायला नानांनी पुण्याहून डॉक्टर देवस्थळींना बोलावलं. या बाई मेंदू आणि आवाज यांच्यावर काम करत. माणसाशी बोलताना त्या माणसाकडे न बघता पडद्यावरच्या रेघांकडे बघत, त्यामुळे आपली तब्येत विचारली की आपल्या रेघेची, हे कळत नसे. गाडीतलं सगळं बोलणं नेहमीच ध्वनिमुद्रित होत असे. बाईंनी त्यातली जुनी आणि नवी वाक्यं शेजारी शेजारी लावली. शब्द तेच, वेगही जवळपास तोच. पण जुन्या रेघेत अवघड वळणाच्या शब्दाआधी एक बारीक खाच होती.

"हा आवंढा आहे," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी समजावलं ते असं. डोळ्यांनी दरी पाहिली की ती बातमी मेंदूत दोन वाटांनी जाते. एक लांबची, विचारातून जाणारी. दुसरी आडवाट, थेट मेंदूच्या तळाशी असलेल्या बदामाएवढ्या गाठीकडे. ही गाठ शहानिशा करत नाही. विचार जागा व्हायच्या आत ती छाती, पोट आणि घसा आवळून मोकळी होते. म्हणून भीती शब्दाच्या आधी पोचते. खुर्चीत डोळ्यांना दिसतं तेच दिसतं, पण कानातला तोल, पाठ, आतडी, सगळ्यांना पक्कं ठाऊक असतं की इथे मरायचं काही नाही. मग गाठ गप्प बसते.

"सिम्युलेटरवर भन्नाट चालवणारी मुलं खऱ्या गाडीत बसली की पाय उचलतात, याचा अभ्यास पुष्कळ झालाय," बाई रेघेला म्हणाल्या. "तुमचं वेगळं आहे. तुमच्यात पाय तिचा आणि भीती तुमची. ती तुमच्या टिपणांवर ब्रेक दाबत नव्हती हो. तुमच्या आवंढ्यावर दाबत होती."

नाना या शोधाने खूश झाले, कारण कशाची टंचाई आहे हे कळलं की माल मागवता येतो. महिन्याभरात बाईंनी एक पट्टी बनवून आणली. ती गळ्याभोवती बांधायची. मानेतून पोटाकडे जाणाऱ्या मोठ्या नसेला ती हलके झटके देणार, आणि किती द्यायचे ते वळण किती धोक्याचं आहे त्यावर ठरणार. वळण जवळ आलं की भूषणचं काळीज धडधडायचं, हाताला घाम सुटायचा, पोटात गोळा यायचा. पहिल्या दिवशी तो खुर्चीतून उतरून कंटेनरच्या मागे जाऊन ओकला. आणि शर्वरी, जी चाचणी संपवून येत होती, ते पाहून लांबूनच हसली. तिचा माणूस परत आला होता.

त्या हंगामात ती दोनदा पहिली आली. नानांनी पेढे वाटले. पट्टीचा जोर दर रॅलीला थोडा वाढवावा लागत होता, पण त्याची कुणी फारशी दखल घेतली नाही. औषधाची मात्रा वाढते तशीच ही, असं बाईही म्हणाल्या. त्या क्षणी त्या रेघेकडे नव्हे, खिडकीबाहेर बघत होत्या.

फरक आधी दिसला तो घरात. शर्वरी पिंपळगावला सरावाला गेली की परतायला उशीर व्हायचा, आणि पूर्वी अशा वेळी भूषण गॅलरी आणि दार यांच्यामधली फरशी झिजवायचा. तिला फोन, मग मेकॅनिकला फोन, मग तिच्या आईला फोन, म्हणजे त्या माउलीचीही झोप गेली. शर्वरी चिडायची. मी काय कुक्कुलं बाळ आहे का, म्हणून तिने एकदा पाण्याचा ग्लास आपटला होता. पट्टीच्या त्या हंगामात एके रात्री महामार्गावर तिची गाडी बंद पडली, फोनची बॅटरी संपली, आणि ती एका दुधाच्या टेम्पोत बसून घरी आली. भूषण जेवून झोपला होता. तिचं ताट झाकून ठेवलेलं होतं, आणि मला वाटतं, तिला त्या झाकणाचाच जास्त राग आला असावा.

तिने त्याला उठवलं. "फोन नाही केलास?"

"येशीलच, असं वाटलं."

"का वाटलं?"

फोन करायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. रागाने नाही, आळसाने नाही. त्याने आत चाचपून पाहिलं, आणि जिथे काहीतरी असायचं तिथे हात नुसताच फिरला.

देवस्थळीबाईंनी त्याला पालीचं चित्र दाखवलं, उंच कड्यावरून खाली बघायला लावलं, पोलिसाचा आवाज ऐकवला. भूषण प्रत्येकाला नीट घाबरला. पालीला तर पूर्वीइतकाच. मग बाईंनी शर्वरीच्या गाडीचं दिंडोरीचं चित्र दाखवलं, बागेत शिरतानाचं. रेघ सपाट राहिली.

"पट्टीने तुमच्या शरीराला पुन्हा पुन्हा सांगितलं की शर्वरी संकटात आहे," बाई म्हणाल्या, आणि या वेळी पहिल्यांदाच त्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "आणि प्रत्येक वेळी ती सुखरूप परत आली. शरीर हिशेबी असतं. फुकट जाणारा खर्च ते बंद करतं."

"म्हणजे मला तिची काळजी नाही?"

"काळजी आहे. ती विचारात असते. घशात नाही उरली."

हे शर्वरीला पटेना. तिचं म्हणणं, खुर्ची खोटी, पट्टी खोटी, म्हणून भीती गेली. खऱ्या गाडीत बसला की येईल. तिने नानांकडून सुरगाण्याकडचा एक घाट सकाळपुरता बंद करून घेतला आणि भूषणला डाव्या सीटवर बसवलं. डावी बाजू दरीची. खाली पळसाची झाडं फुललेली होती आणि भूषणने ती मोकळेपणाने पाहिली, हेच खरं तर वाईट लक्षण. तो वाचू लागला. "उजवं तीन. डावं दोन, वळणात ओढा." शर्वरीने जोर वाढवला. खडी पत्र्यावर उडू लागली. त्याचा आवाज पाटाच्या पाण्यासारखा सरळ चालला. तिने आणखी जोर वाढवला. मागची चाकं कड्याकडे सरकून परत आली आणि तेव्हा भूषणच्या ध्यानात आलं की ती काय करते आहे. ती रस्ता बघतच नव्हती. ती ऐकत होती. एक आवंढा ऐकू येईपर्यंत ती थांबणार नव्हती, आणि तो तर त्याच्याजवळ नव्हता.

त्याला सगळं समजत होतं. पुढचं वळण एकचं होतं, त्यापलीकडे काही नव्हतं, बायको मरेल आणि आपणही मरू, हे त्याला एखादा बाजारभाव पाठ असावा तसं स्वच्छ ठाऊक होतं. म्हणून त्याने केलं ते एकच करण्यासारखं होतं. "उजवं एक" म्हणून झाल्यावर त्याने आवंढा गिळला.

शर्वरीने ब्रेक दाबला. गाडी आडवी होऊन थांबली. धुळीचा लोट मागून आला आणि पुढे निघून गेला.

"नाटक नको करूस," ती म्हणाली.

"तुला कसं कळलं?"

"शब्दानंतर आला."

इंजिन टिकटिक करत निवत होतं. भूषण म्हणाला, मी प्रयत्न करतो आहे. त्यावर तिने त्याच्याकडे बघून विचारलं, "घाबरायचा?" आणि दोघांनाही हसू फुटलं. बराच वेळ हसली. मग ती रडायला लागली. त्याने तिचा हात धरला, आणि तिला ते पुरलं नाही.

यावर तोडगा नानांनी काढला. शीतगृह बाळगणाऱ्या माणसालाच तो सुचणार. दहा वर्षांचं ध्वनिमुद्रण पडून होतं. त्यात प्रत्येक तऱ्हेच्या वळणाआधीचा भूषणचा घाबरा आवाज होता. बाईंच्या लोकांनी तो वेचून काढला. आता भूषणने खुर्चीत बसून वाचायचं, यंत्राने त्याचा आवाज गाळून सपाट करायचा, आणि रस्त्याच्या नकाशात जिथे जेवढा धोका मांडला आहे तिथे तेवढी जुनी भीती मिसळून शर्वरीच्या कानात सोडायची. पट्टीची गरजच नाही. नाना म्हणाले, माल जुना आहे, पण ठेवलेला नीट आहे. त्यांनी त्याचं नावही ठेवलं, जुना भूषण.

बाईंनी दोन शंका काढल्या. नकाशात जे नाही, त्याची भीती यात येणार नाही. आणि पट्टी सुटली की यांची स्वतःची भीती कदाचित परत येईल, पण कधी ते सांगता येणार नाही. पहिली शंका निघाली तेव्हा नाना फोनवर होते. दुसरी निघाली तेव्हा हंगामातली शेवटची रॅली तोंडावर आली होती.

पहिल्या चाचणीहून परत आल्यावर शर्वरीने हेल्मेट काढलं नाही. काचेच्या आत तिचे डोळे ओले दिसत होते. "हा बरोबर आहे," एवढंच ती म्हणाली. भूषणनेही तो आवाज ऐकला. पाच-सात वर्षांपूर्वीचा एक माणूस त्याच्या बायकोसाठी जिवाच्या आकांताने घाबरत होता आणि ते लपवायची धडपड करत होता. नवराबायकोत तिसरा येतो तेव्हा तो निदान परका तरी असतो. त्याला शिव्या देता येतात. भूषणने विचारलं, आवाज थोडा कमी करता येईल का. शर्वरी म्हणाली, नको. त्या दिवसापासून ती त्याला 'तो' म्हणू लागली. तो छान सांगतो. तो असला की मला रस्ता कळतो.

शेवटची रॅली कळवणकडच्या घाटात होती. हवा कोरडी, ऊन लख्ख. तळावर नानांनी नारळ फोडला, खोबरं वाटलं, आणि शर्वरी सुटली. भूषण खुर्चीत डुलत वाचत होता. तिचं चाललं होतं ते इतकं सुरेख, की वाचता वाचता त्यालाच कौतुक वाटलं. अवघड वळणांवर ब्रेक वेळेवर, सोप्यांवर पाय खाली. घाटाच्या मध्यावर रस्ता एका ओहोळाला वळसा घालून समोरच्या कड्यावर जातो. अलीकडे असतानाच पलीकडची वळणं दिसतात. टिपणात त्यातलं तिसरं होतं 'डावं पाच', म्हणजे जवळजवळ सरळ. नकाशात तिथे धोका शून्य.

भूषणला पडद्यावर तिथे लाल दिसलं.

मुरूम होता तो. ताजा, ओला नसलेला, दाबलेला नसलेला. ट्रॅक्टर चढावा म्हणून सकाळीच कुणी भल्या माणसाने खड्ड्यावर पसरला असणार, रस्ता बंद व्हायच्या आधी. ड्रोनने रस्ता मोजला तेव्हा तो नव्हता. टिपणं काढताना नव्हता. पाचच्या वेगात त्या भुग्यावर चाक गेलं की गाडीला धरायला काही उरणार नव्हतं.

आणि त्याच्या पोटात काहीतरी खाली पडलं. पट्टी तर कधीच सुटली होती. हे आतून आलं. पाठ थंड पडली, तळवे ओले झाले, घसा असा आवळला की आधी आवंढा आला आणि त्याच्या मागून शब्द. "डावं पाच, मुरूम, सावध." पुन्हा, "मुरूम आहे, सावध." पुन्हा. त्याचा आवाज फाटला होता. दहा वर्षांत तो असा कधी फाटला नव्हता.

त्याच्या दुसऱ्या कानात, जिथे शर्वरीला जाणारा आवाज त्यालाही ऐकू यायचा, जुना भूषण अगदी निवांतपणे म्हणत होता, डावं पाच, मुरूम, सावध. नकाशात धोका नव्हता. म्हणून यंत्राने खरखर, कंप, आवंढा असलं सगळं गाळून टाकलं होतं, आणि शब्द तेवढे स्वच्छ धुऊन पुढे पाठवले होते.

तो खुर्चीचे हात धरून ओरडला. निवांत आवाजाने तेही सांगितलं.

पडद्यावर रस्ता आडवा झाला. आभाळ, मग पळस, मग पुन्हा आभाळ. मागची चाकं कड्याबाहेर गेली. एका दगडावर गाडीचं पोट टेकलं, तोल गेला, सावरला, आणि कशी कोण जाणे, पुढची चाकं डांबराला लागली. शर्वरीने पाय खाली दाबला. चित्र पुन्हा सरळ झालं. तिला ऐकायचं होतं म्हणून त्याने वाचणं चालू ठेवलं. "उजवं तीन." त्याचे दात वाजत होते आणि तिच्या कानात पाटाचं पाणी वाहत होतं.

ती पहिली आली. नाना नाचले. शर्वरी घोळक्यातून सुटून कंटेनरच्या पायरीवर येऊन बसली. भूषणचा शर्ट पाठीला चिकटलेला होता, तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"त्या डाव्या पाचला," ती म्हणाली, "काही बोलला होतास?"

"मुरूम म्हणालो. सावध म्हणालो. ओरडलो मी, शर्वरी."

"शब्द ऐकले मी." तिने हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. "पण तो घाबरला नव्हता."

"मी घाबरलो होतो."

त्याने मूळ आवाज ऐकवायचा म्हणून आत धाव घेतली, तर यंत्र सांभाळणाऱ्या मुलाने सांगितलं की गाळण्याआधीचा आवाज साठवत नाहीत, जागा फार जाते. भूषण रिकाम्या हाताने बाहेर आला तेव्हा शर्वरी उठून आपल्या घरच्या गाडीकडे निघाली होती. ती पुढे नाशिकला जाणार होती. तो सामान भरून ट्रकबरोबर मागून येणार होता. ऊन उतरलं होतं. तो तिच्या खिडकीशी वाकला. त्याच्या डोळ्यांसमोर अजून तो लाल पट्टा होता आणि महामार्गावरचे सगळे ट्रक होते. बोलायला तोंड उघडलं, तर आधी घसाच आवळला.

"पोचलीस की फोन कर."

शर्वरी थबकली. मान किंचित कलती करून तिने ते ऐकलं, जसं ती हेल्मेटमध्ये ऐकायची. मग तिने त्याच्या गालावर हात ठेवला, फार मायेने.

"जमायला लागलंय तुला," ती म्हणाली. "पण नाटक नको करत जाऊस."

तिने गाडी सुरू केली. तळाचं शेत संपून रस्त्याला लागताना एक वळण होतं. भूषण फोन मुठीत धरून उभा राहिला आणि त्या वळणावर तिच्या गाडीचे मागचे ब्रेकचे लाल दिवे पेटतील म्हणून बघत राहिला. पेटले नाहीत.